इमामभाईंनी साफ केलेला राग

सरकारी कचेरीच्या भिंतीलगत पत्र्याच्या छपराखाली इमाम अत्तार टेबल टाकून बसतात. समोर कॉम्प्युटर, बाजूला प्रिंटर आणि हाताशी 'अर्जलेखक' असा गोल शिक्का. गेली तीस वर्षं ते लोकांचा राग कागदावर उतरवतात. आता रागावलेला कोल्हापूरकर म्हणजे काय चीज असते ते वेगळं सांगायला नको. तो भिंतीपलीकडच्या साहेबाला ऐकू जाईल अशा आवाजात साहेबाच्या सात पिढ्या काढतो, आणि इमामभाई मान डोलवत टाइप करतात, 'कळविण्यास खेद वाटतो की.'

या कामासाठी त्यांनी एक वही केली होती. तलाठ्यासाठी 'नाराजी', तहसीलदारासाठी 'तीव्र नाराजी', त्याच्या वर 'असंतोष'. 'संताप' ते मंत्र्यांसाठी राखून ठेवत. 'प्रक्षोभ' आयुष्यात एकदाच वापरला होता, तोही गल्लीत अकरा दिवस पाणी आलं नव्हतं म्हणून. शिवी मात्र त्यांच्या कागदात कधी शिरली नाही आणि याचा त्यांना भारी अभिमान. त्यांची बायको रशिदा म्हणायची, "तुमच्या अर्जातली मानसं लई शानी असत्यात. भाईर कुठं दिसत न्हाईत." इमामभाई हे कौतुक समजत.

अशा माणसापुढं राधानगरीकडच्या विठाबाई येऊन बसल्या. पासष्टीच्या, आवाज खणखणीत. कुरुंदवाडला दिलेल्या धाकट्या बहिणीला, बाळाबाईला, पत्र पाठवायचं होतं.

"फोन करा की, मावशी," इमामभाई म्हणाले.

"ब्लाक केलाय भवानीनं मला."

प्रकरण असं होतं. बाळाबाईच्या नातवाचं जावळ निघालं. थोरल्या बहिणीला आमंत्रण द्यायला कुणीतरी कुंकू घेऊन उंबऱ्यापर्यंत यायला हवं होतं. आलं काय, तर मोबाईलवर फुलाफुलांचं चित्र. विठाबाई गेल्या नाहीत. त्या आल्या नाहीत म्हणून बाळाबाईंनी नंबर बंद केला. आता तीन आठवड्यांवर विठाबाईंच्या नातीचं, पूर्णिमाचं, लग्न आलं होतं. बहिणीनं यावं म्हणून जीव तुटत होता, पण तसं म्हणायचं कसं? म्हणून त्या शिव्या सांगायला बसल्या.

पाऊण तास सांगत होत्या. इमामभाईंनी वही चाळली, दोनदा चष्मा पुसला आणि कागद काढला: 'विषय: जावळ समारंभाचे रीतसर आमंत्रण न देणेबाबत. महोदया, आपल्या उपरोक्त कृतीमुळे मला तीव्र मनस्ताप झाला असून माझ्या मनात कमालीचा असंतोष आहे. तरी याची गांभीर्याने नोंद घ्यावी.'

त्यांनी ते ठासून वाचून दाखवलं. विठाबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण आवाज कोर्टातला वाटला.

"लागंल न्हवं तिला?"

"खोल लागंल, मावशी." आणि खोलच लागलं.

नवव्या दिवशी भर दुपारी एक म्हातारी पत्रावरचा शिक्का लोकांना दाखवत, विचारत विचारत टेबलाशी आली. पिशवी खाली ठेवून तिनं कागद पुढं केला.

"मी बाळाबाई. ह्ये तुमीच लिवलंसा?"

"व्हय," इमामभाई जरा फुशारकीनंच म्हणाले.

"सुनेनं वाचून दावलं. तवापास्नं अन्न ग्वाड लागंना. कळतं झाल्यापास्नं आक्का मला शिव्या घालतीया. आनि ह्यात एक शिवी न्हाय! परक्या बाईला लिवल्यागत लिवलंय. तोडलं तिनं मला. तुमी म्होरं हुतासा. खरं सांगा, काय म्हणली ती?"

"तेच की. कमालीचा असंतोष..."

"त्ये तुमचं. तिचं सांगा. आनि मोठ्यानं, माझा एक कान गेलाय."

इमामभाईंची तीस वर्षांची इभ्रत आणि भर रस्ता! पण म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी इकडं तिकडं बघितलं.

"भवानी म्हणाल्या."

"आनि?"

"म्हशीच्या कातडीची म्हणाल्या!"

बाळाबाई स्टुलावर टेकल्या. चेहरा जरा सैल झाला. "फुडं?"

"सकाळी तुझं तोंड बघितलं तर दिवसभर भाकरी मिळायची न्हाय म्हणाल्या! तुझ्या जिभेला हाड न्हाय, कपाळात अक्कल न्हाय म्हणाल्या!" इमामभाई आता ओरडतच होते. शेजारचा झेरॉक्सवाला मशीन बंद करून धावत आला. कचेरीच्या रांगेतले एक पेन्शनर तापले, "अहो, म्हातारीला काय बोलताय हे? लाज वाटत नाही?"

बाळाबाईंनी गर्रकन मान वळवली. "गप बसा वो! माझ्या आक्काच्या हायत त्या!"

इमामभाई पाणी प्यायले. गर्दी हलेना. बाळाबाईही हलेनात. "सगळ्या झाल्या?"

"झाल्या." मग थोडं थांबून ते म्हणाले, "शेवटी एक वाक्य म्हणाल्या होत्या. ते मी घेतलं नाही."

"काय?"

"'तू न्हाई आलीस तर पोरीला पैली हळद कुनी लावायची, मुडदे? आई हाय व्हय आता आपली?'"

बाळाबाईंनी पदर तोंडाला लावला. झेरॉक्सवालाही खाली बघत उभा राहिला. मग पिशवी उचलून त्या उठल्या आणि राधानगरीची यष्टी कुठं लागते ते त्यालाच विचारून घेतलं. दोन पावलं गेल्या आणि परत फिरल्या.

"त्येवढं का लिवलं न्हाईसा?"

"विषयाशी संबंधित नव्हतं," इमामभाई पुटपुटले.

"मुडदा बशिवला तुझा!" बाळाबाई कडाडल्या. "त्येवढंच तर पत्र हुतं!"