गळक्या टँकरची बाग

माझं अक्षर चांगलं आहे. मीच सांगते, कारण त्या अक्षराने एकदा आख्खी गल्ली गोत्यात आणली होती.

लग्न होऊन मी लोह्याहून लातूरला आले तेव्हा लातूरचा नुकताच स्वतंत्र जिल्हा झाला होता. आधी गाऱ्हाणं घेऊन उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता कचेरी चालत जाण्याच्या अंतरावर आली, तशी लोकांना अर्ज करायची हौसच सुटली. माझे यजमान त्याच कचेरीत कारकून.

आमच्या गल्लीत आठ घरं. पावसाने दगा दिलेला, नळ कोरडे, एक दिवसाआड टँकर यायचा. गल्लीच्या तोंडाशी भिंतीलगत मोकळी जागा होती, तिथे तो उभा राहायचा आणि उभा असेपर्यंत त्याच्या मागच्या तोटीतून पाण्याची धार जमिनीत जायची. घरटी चार घागरी मिळत असताना ते बघून माझा जीव तीळतीळ तुटायचा. मी अर्ज लिहिला आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. समोरच्या मावशी एकट्या राहायच्या, लोकांच्या घरी भाकऱ्या करून द्यायच्या. त्यांनी अंगठा दिला. काय लिहिलंय, हेसुद्धा विचारलं नाही.

अर्ज गेला आणि आम्ही तो विसरून गेलो. मावशींचं लक्ष मात्र त्या ओल्या जमिनीवर होतं. एक दिवस त्यांनी तिथे चुक्याचं बी टाकलं. आठवड्यात हिरवं दिसायला लागलं, मग काय, गल्लीला चेवच चढला. कुणी अंबाडी लावली, कुणी मेथी. माझ्या आईने लोह्याहून गवारीचं बी पुरचुंडीत बांधून पाठवलं. शेळ्या तोंड घालू नयेत म्हणून आम्ही बाभळीच्या काट्या लावल्या. मावशींनी भिंतीवर दोडका चढवला. टँकरवाले भाऊही आमच्यातलेच झाले. "आज कुठं उभा करू?" म्हणून विचारायचे, आणि मावशी हात करायच्या, "जरा म्होरं घ्या बाबा, दोडका तहानलाय."

गाव सोडल्यापासून मावशींनी स्वतः लावलेली भाजी खाल्ली नव्हती. दोडक्याला बोटाएवढी फळं धरली तेव्हा त्या रोज सकाळी तिथे जाऊन उभ्या राहायच्या. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं म्हणतात, म्हणून मला हनुवटीने दाखवायच्या, "त्यो बघ, त्यो वरचा. अजून आठ दिस." त्या आठ दिवसांवर त्यांचा सगळा जीव लागला होता.

नेमके तेव्हाच कचेरीतले एक गृहस्थ हातात कागद घेऊन आले. माझं अक्षर मी लांबूनच ओळखलं आणि दाराआड झाले.

"टँकर गळतो अशी तक्रार आहे," ते म्हणाले.

"न्हाई बा," मावशी म्हणाल्या. "कुठं गळतो?"

बाकीच्यांनीही माना हलवल्या. मागे एवढी हिरवीगार बाग, समोर चिखल, आणि आठ घरांची माणसं शपथेवर सांगतायत की थेंबसुद्धा सांडत नाही! ते गृहस्थ हसले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेले. पुढच्या खेपेला टँकर आला तो नवी तोटी बसवूनच. उस्मानाबादला अर्ज गेला असता तर तोटी येईपर्यंत आमचे दोडके खाऊन, बी धरून झालं असतं.

"तूच लिवलं न्हाई का?" मावशींनी विचारलं.

"तुमचा अंगठा हाय की त्याच्यावर, मावशी."

झालं. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मला रागही आला आणि रडूही आलं. त्या तिरमिरीत मी दुसरा अर्ज लिहिला: सदर टँकरची गळती पूर्ववत करण्यात यावी. यजमानांनी तो वाचला, घडी घातली आणि चुलीत टाकला. "माझी नोकरी घालवतेस काय?" एवढंच म्हणाले.

दोन दिवसांत पानं माना टाकायला लागली. घागरीतलं पाणी कोण देणार? आमच्याकडे वाया जाणारं पाणी एकच होतं, आंघोळीचं. ते मोरीतून गटारात जायचं. बायकांनी मोरीच्या भोकात बोळा कोंबून ते उपसायचं ठरलं, पण पुरुषांनी सरळ बागेतच आंघोळ का करू नये, असं मी म्हटलं. गावाकडे नाहीतरी पुरुष अंगणातच आंघोळ करतात. सगळ्यांना पटलं, पण पहिला बसायला कुणी पुढे येईना.

मी यजमानांची बादली उचलली आणि दोडक्यापाशी नेऊन ठेवली.

इस्त्रीशिवाय शर्ट न घालणारा माझा नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी पंचा गुंडाळून दगडावर बसला. गल्लीतल्या सगळ्या बायकांना नेमकं तेव्हाच दारात निवडण-टिपण सुचलं. यजमानांनी साबण हातात घेतला आणि मावशी ओरडल्या, "साबन न्हाई लावायचा! वेल जळंल!" त्यांनी मुकाट्याने साबण ठेवला. "जरा पल्याड सरका, चुक्याला पानी गेलं न्हाई," मावशी म्हणाल्या. ते सरकले. कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवसापासून बाकीचे बादल्या घेऊन रांगेत.

माझ्याशी मात्र मावशी बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांनी पहिले दोन दोडके उतरवले, स्वतः दाण्याचा कूट घालून भाजी केली आणि घरोघर वाटी फिरवली. आमच्या दारात सगळ्यांत शेवटी आल्या.

"खा," म्हणाल्या, आणि वळून गेल्या.

माझ्या वाटीत दोडक्याच्या चार फोडी होत्या. बाकी सगळीकडे तीन-तीनच गेल्या होत्या. संध्याकाळी प्रत्येक घरी जाऊन मी विचारून आले.