आंघोळ-पाण्याची सोय

लग्न ठरलं की आमच्या गावातली पोरं अजून माझ्याकडे येतात. मी निवृत्त मास्तर, आणि स्वतःचं लग्न स्वतः आखून पार पाडलेला माणूस, अशी माझी ख्याती आहे. मीही मागे-पुढे न बघता सल्ले देतो. मांडवाच्या आधी ट्रक ठरवा; मांडव कुणीही घालून देईल, ट्रक लग्नसराईत मिळत नाही. तिथीबरोबर बाजाराचा वारही बघा, नाहीतर अर्धं वऱ्हाड बाजारात सापडतं. आचाऱ्याला माणसांचा खरा अंदाज सांगा. कोठीची किल्ली एकाच माणसाकडे द्या आणि तो माणूस गप्पिष्ट नसावा. एवढं सगळं पोरं लिहून घेतात. शेवटी मी सांगतो की वऱ्हाडाचं पाणी आपलं आपण बरोबर न्या, तेव्हा मात्र हसतात. गुरुजी, आता सगळीकडे नळ आहेत, म्हणतात. मी म्हणतो, असू देत, तरी न्या. त्याचं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. आमचं गाव श्रीरामपूरकडचं, पाटाच्या पाण्याखालचं. त्या वर्षी पाटाला पाळ्या कमी झाल्या, उसाच्या कडा वाळल्या, लोकांनी कुरकुर केली. पण प्यायला, आंघोळीला, म्हशी धुवायला पाणी होतं. दुष्काळ आम्ही वर्तमानपत्रात वाचत होतो. मी तर सातवीच्या वर्गाला त्याच्यावर निबंध लिहायला दिला होता, आणि शुद्धलेखनाच्या चुकांसाठी मार्क कापले होते.

वडील मी लहान असतानाच गेलेले. चुलत्यांनी वाढवलं, पण लग्नाचं निघाल्यावर ते म्हणाले, तू शिकलेला आहेस, तुझं तूच बघ. मला तेच हवं होतं. मी एक वही केली. पहिल्या पानावर कामं, दुसऱ्यावर माणसं, तिसऱ्यावर वेळापत्रक. लग्न म्हणजे गोंधळ असं लोक का म्हणतात हे मला कळेना. शाळेचं गॅदरिंग मी तीन वर्षं बिनबोभाट पार पाडलं होतं.

मुलगी पाथर्डी तालुक्यातली, माझ्या शाळेतल्या एका गुरुजींची भाची. ती मामाकडे आली होती तेव्हा तिथेच बघण्याचा कार्यक्रम झाला आणि पसंती कळवली. यादी करायला रीतीप्रमाणे आम्ही मुलीच्या घरी जायचं; लग्नात कुणी काय द्यायचं, काय करायचं हे दोन्हीकडच्या चार माणसांसमोर कागदावर उतरवायचं. पण मी सुचवलं की चारपाच माणसांनी एवढ्या उन्हात तिकडे जाण्यापेक्षा मुलीच्या वडिलांनी एकट्याने यष्टीने इकडे यावं. सगळ्यांना पटलं. त्यामुळे लग्नाच्या दिवसापर्यंत मी त्यांचं गाव पाहिलंच नाही. हीसुद्धा माझीच आखणी.

मुलीचे वडील आले ते सकाळच्या गाडीने. काळेसावळे, उंच, फेटा बांधलेले, हाताला घट्टे. दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. चुलत्यांच्या मनात घड्याळ, कापडं, मानपान असं बरंच होतं. मी सगळ्यांना हाताने थांबवलं आणि यादी स्वतः लिहायला घेतली. हुंडा नाही. मानपान नाही. जेवण साधं, तेही दोन्ही घरांनी मिळून. लिहिताना माझी छाती फुगली होती हे कबूल करतो. मग मला वाटलं, मुलीकडच्यांनी काहीच केलं नाही असंही दिसू नये, त्यांचाही मान राहावा. म्हणून मी शेवटची ओळ घातली: वऱ्हाडाची आंघोळ-पाण्याची सोय मुलीकडे. पाणी काय, फुकटचं.

मुलीच्या वडिलांनी ती ओळ पुन्हा वाचून दाखवायला सांगितली. मग विचारलं, माणसं किती येतील. मी म्हणालो, एक ट्रक, सत्तर-ऐंशी. त्यांनी पुढे विचारलं.

“सकाळी येता का दुपारच्याला?”

दुपारी आलो असतो तर आंघोळी घरीच उरकून आलो असतो. ते तेवढंच मागत होते. मी त्यांना माझं वेळापत्रक समजावून सांगितलं. मुहूर्त बाराचा, म्हणून पहाटे निघायचं, उन्हाच्या आत पोचायचं. आंघोळी इकडे करत बसलो तर बायकामाणसांत दोन तास मोडतात, त्या तिकडेच उरकायच्या. वर्गात समजावतो तसंच समजावलं.

“आमच्याकडं पानी जरा लांबून आनावं लागतं,” ते म्हणाले.

मी म्हणालो, बैलगाडीत दोन पिंपं टाकली की झालं. त्यांनी मान हलवली आणि यादीवर अंगठा दिला. त्यांचे बैल तेव्हा दोन महिन्यांपासून गुरांच्या छावणीत होते, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायचं सुचलंही नाही.

लग्नाच्या दिवशी ट्रक वेळेवर निघाला आणि वेळेवर पोचला. गाव उघड्या माळावर, झाडाला पान नाही. आम्हाला उतरायला दिलेल्या जानवशाच्या अंगणात पाण्याची भांडी ओळीने मांडलेली होती: हंडे, कळशा, पिंपं, घागरी, पत्र्याचे डबे, एक कढईसुद्धा. अख्ख्या गावाची भांडी असावीत. सगळ्यांवर ओली फडकी झाकलेली. मी वहीत त्या कामापुढे बरोबरची खूण केली.

आमची माणसं पाटाकाठची. ती आंघोळीला बसली की बसली. माझे चुलतभाऊ बादली डोक्यावर उपडी करत होते, एकमेकांना भिजवत होते. ड्रायव्हरने ट्रकची काच धुतली. पलीकडे भिंतीच्या सावलीला गावातल्या बायका उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं नवरदेव बघताहेत. मी टोपी सारखी केली.

मुहूर्त बाराचा होता, लग्न बाराला लागलं. कन्यादानाच्या वेळी मुलीचे वडील समोर बसले, त्यांची ओंजळ माझ्या ओंजळीवर आली. त्यांच्या हातातून माझ्या हातात पाण्याची धार पडावी म्हणून सासूबाई शेजारी झारी घेऊन बसल्या होत्या. झारी त्यांनी डाव्या हातात धरली होती. भटजी म्हणाले, बाई, उजव्या हाताने घाला. त्यांनी ऐकलं नसावं असं वाटलं. भटजींनी पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यांनी पदराखालून उजवा हात काढला. मनगटापासून कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं होतं. झारी उचलली ती हलायला लागली. धार ओंजळीत न पडता माझ्या नव्या धोतरावर पडली, चांगलं ओंजळभर पाणी.

“जरा नीट धरा,” मी म्हणालो.

सासूबाईंशी बोललेले माझे ते पहिले शब्द. आवाज मास्तराचाच होता, शेजारच्या चारचौघांना ऐकू गेला. त्यांनी ओठ आवळले, डावा हात खालून लावला आणि धार शेवटपर्यंत धरून ठेवली. त्यानंतर बायकोचा हात माझ्या हातात दिला गेला. तळव्यावर आडवी, दोरासारखी जखम होती, मेंदीने झाकलेली. हात खरबरीत आहे, एवढंच माझ्या मनात आलं.

लग्न फार नेटकं झालं असं सगळे म्हणाले. परतताना ट्रकमध्ये चुलत्यांनी माझी पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायको धुणं घेऊन पाटावर गेली. बराच वेळ झाला तरी येईना म्हणून मी बघायला गेलो. धुणं तसंच कोरडं पडलं होतं. ती काठावर बसून वाहत्या पाण्याकडे बघत होती. मी विचारलं, काय झालं. काही नाही म्हणाली. मग हळूहळू, माझ्याकडे न बघता, बोलायला लागली. रडत नव्हती, तक्रारही नव्हती. गावाकडची खबर सांगावी तसं सांगत होती.

गावातली विहीर केव्हाच आटलेली. दीड कोसावर एका जुन्या बारवेत तळाशी झरा होता. तो वाटीवाटीने भरावा लागे. घागर भरायला अर्धा तास. चार दिवस ती, तिची धाकटी बहीण आणि आई तिथेच होत्या. नवरी असून हळद लागेपर्यंत तीच दोर ओढत होती. वडील, त्यांना ती दादा म्हणे, कामावरून आल्यावर डोक्यावर वाहत. शेजारच्या घरांनी आपलं एक एक दिवसाचं पाणी आणून ओतलं. तिसऱ्या दिवशी भरला हंडा घेऊन चढताना आई पायरीवरून घसरली. हंडा वाचवायला तिने हात मध्ये घातला. हंडा वाचला, हात मोडला. हाडवैद्याकडे न्यायचं तर एक दिवस जाणार आणि पाणी अपुरं पडणार, म्हणून आईनेच कामट्या लावून एरंडाची पानं बांधली आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलं. नवऱ्याकडच्यांना कळलं तर अपशकुन धरतील, ही तिला भीती.

मी विचारलं, एवढं कशाला केलंत, नाही म्हणायचं होतं.

“दादा म्हनले, मास्तरांनी हुंडा-मानपान कायबी मागितलं न्हाई. एवढं तरी झालंच पायजे.”

मग ती म्हणाली, कुनी घातली ते दादा बोलले न्हाईत, पन ती पाण्याची ओळ तुमच्या चुलत्यांनी घातली असंल, जुनी मानसं, त्यांना नाव ठेवून काय उपेग.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरे होतं. मी धुण्याचं गाठोडं उचललं आणि म्हणालो, चल, ऊन झालं. चुलत्यांनी मला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं, आणि माझ्या बायकोच्या मनात ते मरेपर्यंत पाणी मागणारे राहिले. ती त्यांची सेवा करायची, पण त्यांच्याशी मोकळेपणाने कधी बोलली नाही. चुलते मला विचारायचे, सूनबाई का रे अशी. मी म्हणायचो, स्वभाव आहे.

यादी माझ्या अक्षरात होती. बायको चौथी शिकलेली, तिला वाचता येत होतं. मी तो कागद वहीतून काढला आणि शाळेतून येताना पुलावरून पाटात सोडून दिला. पाण्याला त्या दिवशी चांगली ओढ होती, कागद लगेच दिसेनासा झाला.

सासूबाईंचं हाड वेडंवाकडं बसलं. उजव्या हाताने त्यांना पुढे भाकरी थापता आली नाही, की भरलेला तांब्या उचलता आला नाही. पाच वर्षांनी, चुलते गेल्यावर, मी ठरवून एकटाच त्यांच्या गावी गेलो. यष्टीत वाक्यं जुळवत होतो. ओळ मी घातली होती, चुलत्यांनी नाही. आणि मांडवात मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं. एवढंच सांगायचं आणि पाया पडायचं.

उन्हातून आलो म्हणून त्या आधी पाणी घेऊन आल्या. तांब्या डाव्या हातात, उजवा नुसता खालून टेकवलेला.

“डाव्या हातानं देते, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “राग मानू नका.”

मी तांब्या घेतला. सगळं पाणी प्यायलो, एक थेंब ठेवला नाही. तांब्या परत देताना तोंड उघडलं ते मोठ्या मनाच्या माणसासारखं.

“असू द्या,” मी म्हणालो.

त्यानंतर त्या वीस वर्षं जगल्या. दर खेपेला त्यांनी तशीच माफी मागितली, आणि दर खेपेला मी त्यांना माफ करत आलो.