खुर्ची सोडल्यावर

"शिफ्ट संपली की लगेच निघायचं नसतं. खुर्चीवर बसलेल्या नव्या माणसामागे थोडा वेळ उभं राहायचं," बाबा सांगायचे. ते विमानतळावर एअर ट्रॅफिक कंट्रोलर होते.

आज त्यांच्या हाताखाली शिकलेले सुहासकाका आमच्या कोलशेतच्या घरी आले. "साहेब, आपलं जुनं रडार आज बंद झालं. आता सगळी नवी यंत्रणा."

अंथरुणातूनच बाबा कडाडले, "एकदम बंद केलंत?"

"छे हो! नव्याच्या मागे महिनाभर चालू ठेवलेलं. तुमचीच शिस्त!"

बाबा हसले. माझ्या हातातून हात सोडवत म्हणाले, "चला, मग मीही मोकळा."

डॉक्टरांनी कालच हात टेकलेत. बाबा नाही म्हणतील, ठाऊक आहे. तरी विचारते.

बाबा, माझ्यामागे अजून थोडा वेळ उभे राहा ना.