अर्ध्या दाढीचं सुतक

आमच्या भावकीत कोणी मेलं की माझा चेहरा सुधारायचा.

वाक्य वाचायला वाईट आहे, मला कल्पना आहे. लिहायलाही वाईटच वाटलं. पण आता पन्नाशी उलटली, आणि ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही, तेव्हा एकदा सरळच सांगून टाकतो. माझे केस कुरळे आणि दाढीही कुरळी. ब्लेड फिरलं की कापलेला केस बाहेर यायच्या ऐवजी आत वळायचा आणि कातडीखाली बिऱ्हाड करायचा. दुसऱ्या दिवशी गळ्यावर लाल पुटकुळ्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्यात पू. गळ्याला जरा उसंत मिळाली असती तर बरंही वाटलं असतं, पण मी तेव्हा औरंगाबादेत, स्टेशनजवळच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर होतो, आणि तिथं रोज गुळगुळीत दाढी सक्तीची. त्यामुळे त्याच पुटकुळ्यांवरून रोज पुन्हा रेझर ओढायचा. अजिंठा बघायला आलेल्या एका बाईंनी खोलीची किल्ली माझ्या हातून रुमालात धरून घेतली. (कांजण्या नाहीत, असं मी त्यांना मराठी, हिंदी आणि इंग्रजीतून सांगितलं. त्यांनी तिन्ही भाषांतून विश्वास ठेवला नाही.)

सुटका फक्त सुतकात. दहा दिवस दाढीला हात लावायचा नाही, हा आमच्यातला रिवाज. आमचे मॅनेजर सिद्दीकीसाहेब दिलदार माणूस. दुसऱ्याचा रिवाज आपल्या रिवाजापेक्षा जास्त जपायचे. भावकीत कोणी गेलं म्हटलं की स्वतःच म्हणायचे, "दस दिन उस्तरा नहीं ना? मालूम है मुझे." पाचव्या-सहाव्या दिवशी माझा गळा निवळायचा, दहाव्या दिवशी मी माणसात यायचो. मयत कोण होतं, हे मला पुष्कळदा नीट आठवायचंही नाही. गळा मात्र आठवायचा.

एका उन्हाळ्यात गळ्याचा कहर झाला. कॉलर घासली तरी डोळ्यांत पाणी यायचं. आणि नेमकी त्या वर्षी भावकी ठणठणीत! फर्दापूरचे एक आजोबा दोन वर्षं आज जातात की उद्या, असे होते. मी मुद्दाम चौकशी केली. ते उठून बसले होते आणि चहात साखर कमी पडली म्हणून सुनेवर ओरडत होते.

म्हणून मी आप्पांना मारलं.

आप्पा म्हणजे माझे सख्खे चुलते. लासूर स्टेशनच्या बाजारात मापाडी होते, धान्याचं माप घ्यायचे. माझे वडील मी लहान असताना गेले. त्यानंतर माझी शाळा, माझे कपडे, माझं लग्न, सगळं आप्पांनी केलं. अख्ख्या भावकीत मारायला दुसरं कोणी सुचू नये? पण लांबचा काका सांगितला असता तर साहेबांनी विचारलं असतं, किती लांबचा. सख्ख्याला प्रश्न नसतात. "एकुलते एक काका होते, साहेब. बापाच्या जागी," मी म्हणालो, आणि माझा आवाज खरोखरच भरून आला. आपण काय दर्जाचे आहोत हे कळल्यावर भरून येतो, तसा. साहेबांनी दोन दिवसांची पगारी रजाही दिली. ती मी पडेगावच्या घरी आरशासमोर काढली. बायको माहेरी होती, त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं.

सहाव्या दिवशी, माझ्या सुट्टीच्या सकाळी, मयत दारात उभं राहिलं.

आप्पांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. शहरातल्या दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पुढच्या तपासणीपर्यंत इथंच राहायचं होतं. त्यांचा मुलगा बाळू त्यांना माझ्या दारात सोडून परतीच्या गाडीला पळाला. आप्पांनी पिशवी खाली ठेवली, उघड्या डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पहिलंच विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही, आप्पा."

"मग हे खुंट कशाला?"

मी पुटकुळ्यांचं सांगितलं. तेवढं तरी खरं होतं. त्यांनी माझी हनुवटी धरून उजेडाकडं वळवली, गळ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "विळ्यानं दाढी करतो का रे? बस खुर्चीवर." मी म्हणालो, चार दिवसांनी करू. ते म्हणाले, चार दिवस काय पिकत घालायचंय का? ज्या माणसानं मला चड्डीची नाडी बांधायला शिकवली, त्याला नाही कसं म्हणायचं, हे मला कधीच जमलं नाही.

पिशवीतून त्यांचा जुना रेझर निघाला. मूठ फिरवली की वरची दोन झाकणं दारांसारखी उघडायची आणि मधे पातं बसायचं. दार सताड उघडं ठेवून, उजेडात माझी खुर्ची ओढून आप्पांनी शिकवणी सुरू केली. आधी कढत पाण्यातून पिळलेला फडका तोंडावर, केस मऊ होईपर्यंत. मग ब्रशनं साबणाचा फेस, घाई न करता, गोल गोल. मग बोटं फिरवून केस कुठल्या बाजूला निजतात ते बघायचं. ते निजतात त्याच बाजूनं पातं न्यायचं, उलटं न्यायचं नाही, एकदा फिरलेल्या जागी पुन्हा पुन्हा खरवडायचं नाही. मी आपला रोज खालून वर, कोरड्या गळ्यावर, बसचा हॉर्न ऐकत दाढी करणारा. ऐकून गळाच शरमला.

डावी बाजू झाली. गार पाणी मारलं, तुरटीचा खडा फिरला. आग नाही, रक्त नाही. आप्पांनी उजव्या बाजूला फेस लावला, एका डोळ्यानं अंदाज घेत पातं माझ्या गळ्यावर टेकवलं, आणि दारातून आवाज आला, "अंदर आऊं?"

सिद्दीकीसाहेब पुरसा द्यायला, म्हणजे सांत्वनाला, आले होते. हातात केळ्यांचा घड, चेहरा दुःखी.

मला उठता येईना. गळ्यावर पातं होतं. साहेब समोर बसले आणि आप्पांनाच म्हणाले, "बहोत अफसोस हुआ. लासूरवाले काका का."

आप्पांचा हात थांबला. "कोणते काका?"

"वो मापाडी थे ना बाजार में. इसके सगे. एकुलते एक. बोल रहा था, बाप की जगह थे."

"असं म्हणाला?"

"रो पडा था बेचारा मेरे सामने."

पातं तिथंच होतं. मी छताकडं बघत राहिलो. आवंढा गिळायचीही सोय नव्हती.

"कशानं गेले म्हणाला?" आप्पांनी विचारलं.

"दिल का दौरा. बैठे बैठे."

"चांगलं मरण आलं," आप्पा म्हणाले. "लई ओढलं नाय."

साहेबांनी मान हलवली. मग अदबीनं विचारलं, "आप कौन?"

"मयताची अन् माझी लई जुनी ओळख," आप्पा म्हणाले. "एका ताटात जेवलो आम्ही."

इथवर निभावलं. पण साहेब केळी ठेवायला वाकले आणि त्यांना माझी डावी बाजू दिसली. गुळगुळीत, तुरटी फिरवलेली, चकचकीत. ते गोंधळले. "लेकिन... ये दाढी? दस दिन तो नहीं करते ना?"

मी डोळे मिटले. नोकरी गेली, हे कळलं. त्याचं तेवढं काही वाटलं नाही. आप्पा आता काय बोलणार, याचंच वाटत होतं.

आप्पांनी पातं शांतपणे वाटीत बुडवलं. "आमच्यात अशीच असती," ते म्हणाले. "सहाव्याला डावी, दहाव्याला उजवी."

"अच्छा," साहेब आदरानं म्हणाले. "ये मालूम नहीं था मुझे."

साहेब गेले. आप्पांनी माझ्या उजव्या गालावरचा फेस फडक्यानं पुसला, पातं धुतलं, मूठ फिरवून रेझर मिटला. मी दबक्या आवाजात विचारलं, "आप्पा, उजवी?"

"दहाव्याला."

"आप्पा, मी काय केलं माहितीय का, मी..."

"मेलेल्या माणसाशी बोलू नाय," ते म्हणाले, आणि केळं सोलायला बसले.

पुढचे चार दिवस मी अर्ध्या दाढीनं नोकरी केली. मागच्या स्टोअरमध्ये बसतो म्हणालो, तर साहेब ऐकेनात. "धरम का मामला है, शरम कैसी?" कोणी पाहुणा टकमक बघायला लागला की साहेब स्वतः पुढं होऊन माझ्या भावकीचा रिवाज समजावून सांगायचे, डाव्या-उजव्याच्या तपशिलासकट. वेटर लोक माझ्याकडं बघून हळू आवाजात बोलायचे. एका परदेशी जोडप्यानं परवानगी घेऊन माझे फोटो काढले, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. मी कुठल्या तरी लांबच्या देशात, एखाद्या अल्बमात, वेरूळच्या कैलास लेण्याच्या शेजारच्या पानावर चिकटवलेला असेन. आणि सांगायची गोष्ट म्हणजे, त्या डाव्या गालावर आणि गळ्यावर चारही दिवस एक पुटकुळी आली नाही.

घरी आप्पा माझ्याशी सगळं बोलायचे. भाकरीबद्दल, डोळ्याच्या थेंबांबद्दल, पडेगावच्या पाण्याबद्दल. फक्त त्या एका गोष्टीबद्दल नाही. दहाव्या दिवशी त्यांनी उजवी बाजू माझ्याच हातानं करायला लावली. मी दाबून ओढायला लागलो तर मनगट धरलं. "काट्याला बोट लागलं की माप खोटं होतं," म्हणाले. "रेझरला त्याचं वजन आहे. तू आपलं घालू नको." ते दाढीबद्दलच बोलतायत, असं मी धरून चाललो.

गावी निघताना रेझर माझ्याकडंच ठेवला. मी म्हणालो, आप्पा, तुम्हाला लागेल. म्हणाले, "मला कशाला आता?" बाळूला किंवा काकूला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. भावकीनं चार शिव्या दिल्या असत्या आणि गोष्ट मिटली असती.

पुढच्याच वर्षी हॉटेलच्या फोनवर बाळूचा फोन आला. तो मीच उचलला. आप्पा बाजारात पोत्यावर बसले होते, बसल्या बसल्या गेले. हृदयविकार. मी सांगितलं होतं, अगदी तसंच.

साहेबांनी विचारलं, "किसका फोन?" मी म्हणालो, लाँड्रीचा. दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेलो. आज खरं सांगायचं, असं ठरवून गेलो. पहिल्यांदा टॉवेल कमी आलेत असं सांगून परत आलो. दुसऱ्यांदा टॉवेल आले असं सांगून. मग ड्युटी बदलून घेतली, संध्याकाळी लासूरला जाऊन लांबूनच अग्नी बघितला आणि परत आलो. सकाळी ड्युटी होती. गालावर खुंट होते आणि काउंटरवर मला सुतक नव्हतं. एकुलता एक काका माझा आधीच मेलेला होता. माणसाला एकुलता एक काका दोनदा मारता येत नाही.

मी कढत पाण्याचा फडका घेतला. फेस केला. केस निजतात त्या बाजूनं, वजन न घालता, पातं फिरवलं. कुठं कापलं नाही. आयुष्यात इतकी चांगली दाढी मी पुन्हा केलेली नाही. साहेब खूश होऊन म्हणाले, "आज चेहरा एकदम साफ है. कौनसा साबण लाया?"

तिसऱ्या दिवशी दाढ दुखते म्हणून अर्धी रजा घेतली आणि राख सावडायला गेलो. नदीकाठी भावकीतले सगळे पुरुष काळवंडलेल्या गालांनी उभे, आणि मधे मी, नवरदेवासारखा तुकतुकीत. बाळूनं एकदा बघितलं आणि नजर वळवली. फर्दापूरचे ते आजोबा काठी टेकत जवळ आले (तेही आले होते, धडधाकट), माझा गाल न्याहाळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "का रे, चुलत्याचं सुतक तुला नाय व्हय?"

त्यांना काय सांगणार? आप्पांचं सुतक मी आप्पा जिवंत असतानाच पाळून मोकळा झालो होतो. आणि तेही भरपगारी.