मी लोलोंना सिटिझन केलं

माझे सासरे फिलिपिनो होते. मुलं त्यांना 'लोलो' म्हणायची, म्हणजे आजोबा. मुलांच्या मागून मीही तेच म्हणू लागलो. माझी बायको नर्स. तिने त्यांना टेक्सासमधल्या शुगर लँडला आणलं तेव्हा ते साठीला टेकले होते. तिकडे त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, इथे हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायला लागले. घरी आल्यावरही हात थांबायचे नाहीत. माझे बनियनसुद्धा अशा कडक घडीत रचायचे की कपाट उघडलं की आपण ॲडमिट झालोय असं वाटायचं.

अमेरिकेत त्यांना एकच गोष्ट करायची होती. धाकट्या मुलाला, म्हणजे माझ्या मेहुण्याला, इकडे आणायचं. आई गेलेली, बाप आणि बहीण इकडे, आणि हा तिकडे एकटा बापाच्या दुकानात पंक्चर काढत बसलेला. लोलोंनी ग्रीन कार्डावर त्याचा अर्ज भरून ठेवला होता, 'अविवाहित मुलगा' या रांगेत. त्या रांगेची अट सोपी होती. लग्न केलं की अर्ज रद्द. मेहुण्याचं एका शिक्षिकेशी ठरलं होतं. दोघं थांबले होते.

कुठल्या रांगेत कोणत्या तारखेपर्यंतचे अर्ज निघाले, याचा तक्ता सरकार दर महिन्याला काढतं. लोलो लायब्ररीतून त्याचा प्रिंट काढून आणायचे आणि पंचांग बघावं तसे बोट ठेवून बघत बसायचे. सन दोन हजार दोनच्या सुमाराला त्यांचं बोट मुलाच्या तारखेच्या अगदी जवळ आलं होतं. फार तर दोन वर्षं.

आणि इथे मी शिरलो.

लग्नाआधी स्वतःच्या ग्रीन कार्डासाठी सात वर्षं कुजल्यामुळे आमच्या मराठी कंपूत मी इमिग्रेशनचा जाणकार समजला जायचो. टेक्सासच्या फ्रिस्कोहून, ओहायोच्या डब्लिनहून पोरांचे फोन यायचे, "काका, माझा एच-वन व्हिसा एक्स्पायर होतोय, काय करू?" काकांना माहीत नसलं तरी काका सांगायचे. असाच एका पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरून डबे आणायच्या जेवणात, हातात मसालेभाताची प्लेट घेऊन, मी लोलोंना म्हणालो, "दोन वर्षं कशाला थांबता? तुम्ही सिटिझन व्हा. सिटिझनच्या मुलाची रांग वेगळी, एकदम फास्ट."

"नक्की, अनाक?" त्यांनी विचारलं. अनाक म्हणजे बाळा.

"लोलो, मी हेच तर करतो!"

खरं तर मी जावा प्रोग्रॅमिंग करत होतो.

मग परीक्षेची तयारी. माझी लेक त्यांना झेंड्यावरचे तारे आणि पट्टे विचारायची आणि चुकलं की "नोऽऽ, लोलो!" म्हणून कपाळावर हात मारायची. ते पास झाले. शपथ झाली. कोटातला, हातात छोटा झेंडा घेतलेला त्यांचा फोटो मी स्वतः फ्रेम करून आणला. मंडळींना श्रीखंड-पुरी घातली. आयुष्यात एका माणसाचं काहीतरी भलं केलं, अशा थाटात मी त्या दिवशी वाढत होतो.

पुढच्या महिन्यात लोलो तक्ता घेऊन माझ्याकडे आले. "अनाक, तारीख मागे गेली."

"छापायची चूक असेल," मी म्हणालो.

चूक नव्हती. सिटिझन झाल्याबरोबर त्यांच्या मुलाचा अर्ज आपोआप दुसऱ्या रांगेत गेला होता. आपल्या भारतीयांसाठी ती रांग खरंच जलद. फिलिपीन्सवाल्यांसाठी उलटी. तिथे सिटिझनचा मुलगा ग्रीन कार्डवाल्याच्या मुलापेक्षा सहा वर्षं मागे उभा असतो. सगळ्या जगाची रांग आपल्यासारखीच असते, हे मी गृहीत धरलं होतं.

बायको एवढंच म्हणाली, "आता पॉटलकमध्ये हे पण सांग."

मेहुण्याला कळवायचं होतं. रविवारी लोलोंनी फोन स्पीकरवर लावला. मी ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होतो. त्यांची भाषा तोवर मला समजायला लागली होती.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" मेहुण्याने विचारलं.

माझा हात थांबला.

"माझ्या," लोलो म्हणाले.

"बाबा, तुम्हाला पासपोर्ट हवा होता. मी नको होतो."

"हो. हवा होता मला."

मी कोथिंबीर पुन्हा निवडू लागलो. निवडलेलीच.

नंतर मी त्यांच्या खोलीत गेलो. तेच म्हणाले, "तो माझ्यावर रागावला तर रागावू दे, बाप काय बदलता येतो? तुझ्यावर रागावला तर इथे आल्यावर उतरेल कुणाच्या घरी?"

त्यानंतर मेहुणा बहिणीशी बोलायचा, माझ्याशी बोलायचा. लोलोंनी फोन घेतला की त्याच्या दुकानात हमखास गिऱ्हाईक यायचं. शिक्षिकेने आणखी दोन वर्षं वाट पाहिली आणि दुसऱ्याशी लग्न केलं. वकिलाकडे जाऊ या, असं बायको अधूनमधून म्हणायची. मी म्हणायचो, "मी इंटरनेटवर वाचतोय." वाचत नव्हतो. वकिलासमोर बसून माझा सल्ला मोठ्याने सांगायला लागेल, म्हणून टाळत होतो.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात लाँड्रीतच लोलो कोसळले. तीन दिवसांत गेले. अर्जदार मेला की अर्ज मेला. मग मी वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, "जुन्या रांगेत राहायची सोय होती की. एक पत्र लिहून द्यायचं होतं. नंबर केव्हाच लागला असता."

एक पत्र!

अंत्यविधीसाठी मेहुण्याने व्हिजिटर व्हिसा मागितला. नाकारला. कारण काय, तर याच्या नावावर कायमचं स्थायिक व्हायचा अर्ज आहे, हा परत जाणार नाही. जो अर्ज बापाबरोबर मेला, तो याला अडवण्यापुरता जिवंत होता.

चर्चमधून आल्यावर मी त्याला फोन केला. कोण कोण आलं होतं ते सांगितलं. लाँड्रीतल्या बायका ओळीने उभ्या होत्या ते सांगितलं.

"कुया," तो म्हणाला. कुया म्हणजे दादा. "तुला तर यातलं सगळं कळतं. तू त्यांना समजवायचं होतंस."

त्या क्षणी घरात कुणी नव्हतं. बायको मुलांना घेऊन चर्चमध्येच थांबली होती. खरं बोलायला यापेक्षा सोयीची वेळ मिळाली नसती.

"खूप समजावलं रे," मी म्हणालो. "ऐकतात कुठे."