डायलवरची अकरा घरं

रायफल तळमजल्यावरच्या शेजारीणबाईंची होती आणि कायद्याप्रमाणे ती त्यांच्या ताब्यातून बाहेर जाऊ शकत नव्हती. पुढचं सगळं या एका गोष्टीमुळे घडलं, म्हणून ती आधी सांगते.

आम्ही जर्मनीत बॉबलिंगेनला राहायला येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर मी बारा वर्षं काढली होती. इथे घरून भाषांतरं करत होते. नवरा मोटारींचे सुटे भाग मशिनवर पकडून ठेवणारी फिक्स्चर्स डिझाइन करायचा. शेजारीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. चाळीस वर्षं त्यांनी एका प्रयोगशाळेत दातांच्या कॅप आणि कवळ्या घडवल्या होत्या, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं इथल्या शुत्सनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजी मंडळात, पालथं पडून पन्नास मीटरवरच्या कागदावर नेम धरला होता. रायफल पॉइंट टू-टूची. एनसीसी केलेल्यांना ती माहीत असते: करंगळीच्या पेराएवढं काडतूस, लवंगी फटाक्याएवढा आवाज, खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच.

दोन हिवाळ्यांपूर्वी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना त्या बर्फावर घसरल्या. डाव्या मनगटात धातूची पट्टी बसवली. हाड जुळलं, पण तळवा पूर्ण वर वळेना. पालथं पडून नेम धरताना रायफलचा भार नेमका त्याच तळव्यावर येतो. पाच गोळ्यांनंतर हात बधिर व्हायचा. त्यांनी रायफल विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक दुसऱ्या गावचं होतं आणि सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी सकाळी दहाला येणार होतं. जुलैत टपालपेटीपाशी त्यांनी हे नवऱ्याला हवापाणी सांगावं तसं सांगितलं.

"रायफल कशाला विकता?" नवरा म्हणाला. "अडचण लाकडाची आहे. लाकूड बदलू."

तिसऱ्या दिवशी शेजारीणबाई वर आल्या त्या गुलाबी मेणाची एक वडी घेऊन. दातांचा ठसा घ्यायच्या मेणात त्यांनी आपला डावा तळवा दाबला होता, जेवढा वळतो तेवढाच वळवून.

"हा माझा हात," त्या म्हणाल्या. "याच्या भोवती काय काढायचं ते काढा."

सोमवारची वेळ मात्र त्यांनी बदलली नाही. तोपर्यंत जमलं तर रायफल राहील, नाही जमलं तर दहा वाजता जाईल. दिलेली वेळ त्या मोडत नसत.

नवऱ्याच्या मनात होती ॲल्युमिनियमची चॅसी. लाकडी दस्ता एकसंध असतो. माणसानेच त्याच्याशी जुळवून घ्यायचं. चॅसी हा धातूचा सांगाडा. त्याच्या मधल्या खाचेत नळी आणि तिच्यामागचा पोलादी गाभा दोन स्क्रूंनी बसतो. मूठ, गालाची पट्टी, तळव्याचा आधार हे सगळं वेगळं लागतं आणि हवं तसं सरकतं.

माप घ्यायला आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. त्यांनी कुलूपबंद कपाटातून रायफल आणली, बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, काढून एप्रनच्या खिशात टाकला आणि समोर बसून राहिल्या. नवऱ्याने दोन तास मापं घेतली. मग रायफल कपाटात परत गेली. त्यानंतरचं सगळं काम रायफल समोर नसताना झालं.

ऑगस्टमध्ये सासरे आले. भोसरीच्या एका टूलरूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली होती. सासूबाई गेल्यानंतरचा हा त्यांचा पहिलाच लांबचा मुक्काम. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रीनवरचं चित्र पाहिलं.

"एवढा शिकून बंदुकी करायला लागलास होय?"

"बाबा, बंदूक नाही. बंदूक ज्यात बसते ती वस्तू."

"म्हणजे बंदुकीची खुर्ची." ते आणखी वाकले. "बरी दिसते. बसणाऱ्याचं माप घेतलंस ना?"

"शतांशापर्यंत."

तेव्हापासून घरात तिचं नाव खुर्ची पडलं.

मंडळातल्या एका सभासदाचं गावाबाहेर छोटं वर्कशॉप होतं. शनिवारी त्यांचं मिलिंग मशिन रिकामं असे. तिथे तीन शनिवार गेले. ॲल्युमिनियमचा ठोकळा साठ सेंटीमीटर लांब आणि पावणेआठ किलो वजनाचा. दुधासारख्या पांढऱ्या पाण्याच्या धारेखाली कटर त्यावरून फिरू लागला की काचेतून आधी काहीच दिसत नसे. मग धार थांबे, हवेचा झोत येई, आणि मघाशी जिथे सपाट धातू होता तिथे एक वळण असे. मेणाच्या वडीतल्या तळव्याचा उंचवटा, अंगठ्याखालची खळगी, वाकड्या मनगटाचा तिरका कोन, सगळं धातूत उतरलं होतं. त्या मनगटाला जे करता येत नव्हतं तेही मशिनने मोजून घेतलं होतं. बातमीत वापरायला मनाई असलेली विशेषणं मला त्या काचेपाशी सुचत होती. तिसऱ्या शनिवारी तयार वस्तू दीड किलोची भरली. बाकीचा धातू चकचकीत कुरळ्यांच्या रूपात पिंपात पडला होता. सासऱ्यांनी त्यातली एक कुरळी उचलली, नखावर घासली आणि खिशात टाकली.

गिऱ्हाईक यायच्या आधीच्या शनिवारी, दुपारी, मंडळाच्या रेंजवर शेजारीणबाईंनी स्वतः रायफल चॅसीत बसवली, स्क्रू आवळले आणि चटईवर पालथ्या झाल्या. डावा हात आधारावर ठेवला आणि थोडा वेळ नुसत्या पडून राहिल्या.

"दुखत नाही," त्या म्हणाल्या.

दहा गोळ्या झाल्या. कागद जवळ आला. त्यावर छिद्रांचे दोन पुंजके होते, एक मध्यावर आणि दुसरा दोन बोटं खाली. दहा गोळ्या, एकच नेम, दोन जागा. त्यांनी आणखी दहा मारल्या. तेच झालं.

"हात बरा आहे," त्या कागदाकडे बघत म्हणाल्या. "रायफल बरी नाही."

सासऱ्यांनी डायल मागितला, बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं उपकरण. वर्कशॉपवाले सभासद तिथेच होते. त्यांच्या गाडीत होता. डायलचा चुंबकी पाय पोलादी नळीवर उभा राहिला आणि टोक ॲल्युमिनियमला टेकलं. डायलवरचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. सासऱ्यांनी खूण केली तसा शेजारीणबाईंनी पुढचा स्क्रू सैल केला. सुई सरकली. अकरा घरं.

"खुर्ची लंगडते," सासरे म्हणाले. "स्क्रू आवळला की नळी वाकून बसते. गोळी सुटली की थोडी मोकळी होते, मग पुन्हा अडकते. एवढी ताणून बसवलीत तर कुणीही असंच वागेल."

मी भाषांतर केलं. शेजारीणबाईंनी मान हलवली, रायफल पेटीत ठेवली आणि म्हणाल्या, "आल्झो. तर मग, तो माणूस सोमवारी दहाला येणार आहे."

गाडीत नवऱ्याने कबूल केलं. गाभ्याच्या तळाची डावी आणि उजवी बाजू मोजताना काही शतांशांचा फरक आला होता. कारखान्यात बनलेली वस्तू दोन्हीकडे सारखीच असणार, चूक आपल्या हाताची, असं धरून त्याने दोन आकड्यांची सरासरी काढली आणि ड्रॉइंग सममित केलं.

दोन साक्षीदार वेगवेगळं सांगत असतील तर वर्तमानपत्र त्यांची सरासरी छापत नाही. हे मी बोलले नाही. सासरे बोलले.

"तुझं ड्रॉइंग बरोबर. कापलेला जॉबही ड्रॉइंगप्रमाणे बरोबर. पण ती रायफल काही तुझं ड्रॉइंग बघून जन्माला आलेली नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्या पोटावर कानस फिरवली असेल. त्या माणसाचा हात थोडा उजवीकडे जड होता, एवढंच."

"पुन्हा मोजतो. खाच नव्याने काढू."

"कधी? उद्या रविवार. तुमच्या देशात मशिनं झोपतात."

रविवारी दुकानं बंद, वर्कशॉप बंद, आणि इमारतीत ड्रिल चालवलं तर शेजारी चिठ्ठी लावतात. हाताने खरवडण्याचा मात्र आवाज येत नाही. सकाळी नऊला आम्ही तिघं खाली गेलो. सासऱ्यांना दोन गोष्टी हव्या होत्या: एक स्क्रेपर आणि थोडा निळा रंग. मी सांगायला सुरुवात केली की दोन भाग एकमेकांना कुठे टेकतात ते कळण्यासाठी मध्ये अगदी पातळ निळा...

"या, या, गेनाऊ," म्हणजे हो, हो, अगदी तेच, असं म्हणत शेजारीणबाई वाक्य संपायच्या आत उठल्या. परत आल्या तेव्हा हातात एक डबी होती आणि कापडात गुंडाळलेली पोलादी हत्यारं. डबीत निळ्या कागदाच्या पट्ट्या होत्या, केसाहून पातळ. नवी कॅप बसवल्यावर दंतवैद्य दातांमध्ये धरायला देतो त्याच.

"दाताचंही हेच," त्या म्हणाल्या. "एक बिंदू उंच राहिला तर सगळा जबडा दुखतो."

मी हे मराठीत सांगितलं. सासऱ्यांनी एक हत्यार उचललं, धार नखावर पाहिली आणि त्यांच्याकडे नव्याने बघितलं.

"सूनबाई, तू चहा टाक," ते म्हणाले. "तुझं काम संपलं."

खरोखरच संपलं. खाचेत निळी पट्टी ठेवायची. शेजारीणबाई रायफल अलगद बसवणार, स्क्रू आवळणार, सोडणार, उचलणार. रायफलला हात फक्त त्यांचा लागत होता, ॲल्युमिनियमला फक्त सासऱ्यांचा. पहिल्यांदा दोनच ठिपके उमटले, मसुरीएवढे, एक पुढे डावीकडे आणि एक मागे उजवीकडे. खुर्ची दोन पायांवर उभी होती. सासऱ्यांनी ते ठिपके खरवडले. हत्याराच्या टोकाशी राखाडी धूळ जमली, फुंकर मारली तर उडेल एवढीच. पुन्हा पट्टी, पुन्हा रायफल. मला मोजायची सवय आहे: रायफल सदतीस वेळा बसली आणि उठली.

नवऱ्याच्या हातात टॉर्च होता.

"डावीकडे धर. माझ्या डोळ्यात नको, जॉबवर. एवढा पगार घेतोस आणि उजेड धरता येत नाही."

"बाबा, मी मापं घेतो ना मधून मधून."

"घेतलीस की. त्यामुळेच आपण इथे बसलोय."

शेजारीणबाईंनी काय झालं ते विचारलं नाही, पण हसल्या. दुपारी एकदा सासरे मागच्या कडेला थोडं जास्त घेणार होते. त्यांनी हत्यार टेकवलं आणि शेजारीणबाईंनी टेबलावर एक बोट हलकेच आपटलं. सासरे थांबले, चष्मा वर करून पुन्हा पाहिलं, हत्यार बाजूला घेतलं. त्यांना म्हणाले, मराठीतच, "खरंय तुमचं." शेजारीणबाईंनीही जर्मनमध्ये काहीतरी उत्तर दिलं. ते मला कुणी विचारलं नाही.

दोन ठिपक्यांचे पाच झाले, पाचाचे वीस. चारच्या सुमाराला खाचेच्या तळावर बाजरी सांडावी तसे निळे दाणे सगळीकडे सारखे पसरले होते. यंत्राने शतांशापर्यंत काढलेला पृष्ठभाग मी तीन आठवडे डोळे विस्फारून पाहिला होता. आता एक बाहत्तर वर्षांचा हात, ज्याला चहाचा कप धरताना किंचित कंप सुटतो, त्या शतांशाचेही भाग करत होता, आणि कंप हत्यारापर्यंत पोचत नव्हता. तो कुठे जात होता ते मला अजून सांगता येत नाही.

नवऱ्याने डायल लावला. शेजारीणबाईंनी किल्ली पुढच्या स्क्रूत घातली आणि फिरवली. सुई जागची हलली नाही. त्यांनी स्क्रू आवळला, पुन्हा सोडला. आम्ही चौघं वाकून बघत होतो. घराच्या एका रेघेवर सुई होती, त्या रेघेवरच राहिली.

तिसऱ्यांदा करून पाहिल्यावर शेजारीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. रेंज रविवारी दुपारी एकलाच बंद होत असे. गोळी मारून खात्री करायला आता वाव नव्हता. जे ठरवायचं ते सुईवरून ठरवायचं होतं. त्यांनी सासऱ्यांकडे पाहून भुवया उंचावल्या. सासऱ्यांनी खांदे उडवले नाहीत, मानही हलवली नाही. उजव्या तळव्यावर डावा तळवा सपाट ठेवला आणि तसाच धरून राहिले.

शेजारीणबाई बाहेरच्या पॅसेजमध्ये फोनकडे गेल्या. एक वाक्य ऐकू आलं: "उद्या येण्याचे कष्ट घेऊ नका, रायफल विकायची नाही." मग बराच वेळ गिऱ्हाईकच बोलत असावं. शेवटी म्हणाल्या, "नाही. तसं काहीच नाही. ती आता बसली आहे."

बुधवारी संध्याकाळी आम्ही रेंजवर गेलो. पाच गोळ्या. कागद जवळ येईपर्यंत सासरे खिशात हात घालून उभे होते. आतल्या आत ती कुरळी बोटांनी फिरवत असावेत, तिचा किरकिर आवाज येत होता. चार छिद्रं एकमेकांत मिसळली होती, नखाखाली झाकता येतील एवढी. पाचवं एक बोटभर डावीकडे.

नवरा लगेच वाकला. "अजून कुठेतरी ताण..."

"नाईन, नाही," शेजारीणबाई म्हणाल्या. चटईवरून उठता उठता त्यांनी डावं मनगट उजव्या हाताने चोळलं आणि बोट आधी त्या पाचव्या छिद्रावर, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं. "ही माझी चूक. तिची नाही."

मी भाषांतरासाठी वळले तोवर सासऱ्यांनी मान डोलावली होती.