यादीत न आलेला बाळाराम

“मॅडम, माझं नाव त्या कंप्युटरातून काढा,” बाळाराम भोईर म्हणाला. “मना काय बी झालं नाय. तीनदा रगत काढलं माझं.”

गुरुवारची दुपार होती. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी ईडीपी इन-चार्ज, म्हणजे कंप्युटर विभागाची प्रमुख होते. नाव मोठं, पण डिपार्टमेंटमध्ये मी, एक कंप्युटर, एक खडखडणारा प्रिंटर आणि एक एसी. एसी माझ्यासाठी नाही, कंप्युटरसाठी आहे, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं.

कारखाना रेड लेडचा, म्हणजे शेंदराचा. लोखंडाला गंज लागू नये म्हणून आधी जो नारिंगी हात मारतात, त्यात हा घालतात. शिसं भट्टीत भाजून तो करायचा. शिशाची धूळ अंगात जाते आणि रक्तात साठते, म्हणून दर सहा महिन्यांनी सगळ्यांचं रक्त तपासायचं. लॅबचे रिपोर्ट मी कंप्युटरमध्ये भरायचे आणि ज्यांच्या रक्तात शिसं जास्त निघालं त्यांची यादी छापायचे. यादीत नाव आलं की तो माणूस त्याच दिवशी प्लँटच्या बाहेर. गेटवर बसवा, बागेत लावा, पण शिशापासून लांब ठेवा, असा नियम होता.

बाळाराम पॅकिंगला होता. गेल्या यादीत त्याचं नाव आलं, आकडाही भलताच मोठा. त्याला बागेत लावला. पुन्हा तपासलं तर नॉर्मल. परत तपासलं, तरी नॉर्मल. “लॅबची चूक,” असं सगळे म्हणाले आणि मीही म्हणाले. चूक दुसऱ्याची निघाली की मला फार बरं वाटतं.

“साहेब बोलतात, कंप्युटरात हाय तवर बागेतच राहा,” बाळाराम म्हणाला. “चामटोलीत गावची पोरं मना माळीबुवा म्हणतात.”

मी फॉर्म उघडला. हा प्रोग्रॅम मी लिहिला नव्हता, जमवला होता. तेव्हा तयार पॅकेज मिळायची. मेनूतून एकेक गोष्ट निवडत गेलं की कोडची ओळही न लिहिता फॉर्म तयार, रिपोर्ट तयार. आठवड्याभरात मी सगळं उभं केलं होतं आणि ऑफिसभर मिरवलंही होतं.

नाव टाइप केलं. भोईर बाळाराम के. एक नोंद आली. खालची कळ दाबली तर पुढचं नाव भोईर चांगदेव.

“हे बघा, तुम्हीच आहात. टोकन एकेचाळीस, पॅकिंग.”

“आन् दुसरा?”

“दुसरा कोण?”

“आमी दोन हाव ना मॅडम. माझा बाप काशिनाथ, त्या दुसऱ्याचा बाप कृष्णा. सख्खे भाव. आजोबा वारले आन् वर्षाच्या आत आमी दोघं झालो. मंग दोघांला आजोबांचंच नाव ठेवलं.”

तेव्हा मला आठवलं. लॅबच्या कागदावर हे नाव दोनदा आलं होतं. एकापुढे साधा आकडा, एकापुढे मोठा. मी दोन्ही वेळा नाव शोधलं, दोन्ही वेळा हीच नोंद उघडली. मला वाटलं, लॅबने एकाच माणसाला दोनदा लिहिलंय. मग सावधगिरी म्हणून मोठा आकडा ठेवला. आपण किती काळजी घेतो, असंही तेव्हा मनात आलं होतं.

“तो दुसरा कुठे असतो कामाला?”

“भट्टीवर. पण चार दिस झाले, घरीच हाय. पोटान कळा येतान त्याच्या.”

मी त्याला बसायला सांगितलं. त्याच्यासमोर मला रडायचं नव्हतं, म्हणून मी कामाला लागले.

घोळ कसा झाला ते सांगते. कंप्युटरमध्ये नोंदी एका फाइलीत असतात आणि त्या शोधायला वेगळा इंडेक्स असतो, पुस्तकाच्या शेवटी सूची असते तसा. फॉर्म काय किंवा रिपोर्ट काय, दोघेही सूची बघून चालतात. माझी सूची होती आडनाव, नाव आणि बापाच्या नावाचं पहिलं अक्षर. लॅब तसंच लिहायची, म्हणून मीही तसंच ठेवलं. ही सूची बनवताना पॅकेजने मला विचारलं होतं: युनिक, म्हणजे एक नाव एकदाच? वाय की एन? त्याआधी एक कामगार चुकून दोनदा भरला गेला होता आणि मी बोलणी खाल्ली होती. म्हणून मी वाय दाबला. मला वाटलं, आता दुसऱ्यांदा भरताना पॅकेज मला अडवेल. पॅकेज अडवत नव्हतं. सारखं नाव पुन्हा आलं तर ते नोंद फाइलीत घ्यायचं, पण सूचीत घालायचं नाही. म्हणजे माणूस आत आहे, पण कुठल्याही स्क्रीनवर, कुठल्याही कागदावर दिसणार नाही. आणि पॅकेज त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मी आधी मोजलं. फाइलीत नोंदी एकशे शहाऐंशी. सूचीत नावं एकशे त्र्याऐंशी. हे मोजायला अर्धं मिनिट लागतं, आणि दीड वर्षात मी ते एकदाही केलं नव्हतं.

सूची पुसली आणि नवी बनवली. युनिक? एन. पुन्हा नाव शोधलं. टोकन एकेचाळीस, पॅकिंग. खालची कळ दाबली. टोकन एकशे बारा, भट्टी. रक्ततपासणीचा रकाना कोरा. दीड वर्षाच्या तिन्ही तपासण्यांचे रकाने कोरे.

“ह्योच,” मागून बाळाराम म्हणाला.

पण लॅबचा मोठा आकडा नक्की कोणाचा, हे अजून सिद्ध व्हायचं होतं. लॅबच्या कागदावर रक्ताच्या बाटलीचा नंबर असतो. कारखान्यातल्या आमच्या दवाखान्यात डॉक्टरांचं हाताने लिहिलेलं रजिस्टर होतं. कोणती बाटली कोणत्या टोकनची, ते त्यात असायचं. मी जवळजवळ पळतच गेले. मोठा आकडा बाटली सत्तेचाळीसचा होता. रजिस्टरमध्ये सत्तेचाळीससमोर डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: एकशे बारा. उरलेल्या दोन लपलेल्या माणसांचेही आकडे बघितले. ते ठीक होते, नशीब माझं.

आमचे सेठ उल्हासनगरचे सिंधी. मी सांगितलं तेव्हा ते फोनवर होते. त्यांनी फोन ठेवला.

“कितने दिन से भट्टीपे है वो?”

“रिपोर्ट येऊन दोन महिने झाले, सर. तेव्हाच काढायला हवा होता.”

“जीप घ्या. राणेसाब को साथ लो. उद्या शुक्रवार, एमआयडीसी की छुट्टी आहे. डॉक्टर सोमवारी येणार. उतना टाइम नहीं है.”

राणेसाहेब आमचे लेबर ऑफिसर. ते पुढे बसले, मागे मी आणि रस्ता दाखवायला बाळाराम. चिखलोली मागे पडलं. बदलापूरला फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, डबे संपता संपेनात. मला सारखं वाटत होतं, आपण पोचू आणि दारात माणसं जमलेली असतील. मी तोंडातल्या तोंडात डबे मोजत बसले, आणि मग मोजण्याचाच राग आला.

फाटक उघडल्यावर बाळाराम हळूच म्हणाला, “म्हंजे मॅडम, ती बाग त्याची व्हती.”

“हो.”

“मी दोन महिने त्याच्या वाटची बाग केली. आन् तो भट्टीवर.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो हिशेब लावून बघत होता, इतकंच. मला वाटलं, हा चिडला असता तर बरं झालं असतं.

चामटोलीत त्याच्या दारात कोणी जमलेलं नव्हतं. दुसरा बाळाराम ओटीवर गोधडी घेऊन पडला होता, पोट धरून. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. चेहरा राखेच्या रंगाचा. त्याची बायको हिराबाई चहा घेऊन आली. त्याने बशी उजव्या हाताने उचलायला घेतली आणि मनगट खाली लोंबलं. चहा गोधडीवर सांडला. तो ओशाळून हसला.

“हात झोपलाय जरा,” म्हणाला.

आम्ही त्याला तसाच जीपमध्ये घातला. आमच्या डॉक्टरांचा स्वतःचा दवाखाना उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. तिथे पोचेपर्यंत हिराबाईने एकच प्रश्न विचारला. “यांच्या भावाचं नाव यादीत आलं, यांचं का नाय आलं?”

राणेसाहेबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “माझी चूक झाली. दोघांचं नाव एकच, म्हणून मी एकालाच ठेवलं.” तिला इंडेक्स समजावत बसण्याची मला लाज वाटली. ती नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली.

डॉक्टरांनी त्याच्या हिरड्यांवरची शिशाची निळसर रेघ बघितली. हात पुढे धरायला सांगितला. डावा सरळ राहिला, उजवा मनगटातून खाली पडला.

“मुंबईला न्या. आत्ता,” ते म्हणाले. “अजून पंधरा दिवस भट्टीवर राहिला असता तर मेंदूपर्यंत गेलं असतं.”

तो दीड महिना हॉस्पिटलमध्ये होता. पहिले आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. आई विचारायची, मी कामाचा ताण म्हणून सांगायचे.

सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टरला रिपोर्ट द्यायचा होता. सेठनी मला बोलावलं.

“मॅडम, लॅबवाल्याची मिस्टेक लिहा ना. दो नाम एक जैसे, वो लोग गडबड कर दिए. बस. कशाला लफडा?”

मला नोकरीची गरज होती. हे खोटं लिहिणं किती सोपं आहे, तेही मला दिसत होतं. लॅबचा कोणी माणूस तिथे नव्हता.

“लॅबने दोन ओळी बरोबर लिहिल्या होत्या, सर. बाटलीचे नंबरही बरोबर. चूक माझ्या सेटिंगची आहे. लॅबवर ढकललं तर सेटिंग कोणी तपासणार नाही.”

त्यांनी टेबलावरची काच बोटाने घासली.

“तो अपनी सही करो. मेरी नहीं.”

“चालेल.”

“और सेटिंग का जो है, तो सब लिखो. बारीक बारीक.”

मी लिहिलं, सही केली आणि राजीनामाही सोबत ठेवला. तो त्यांनी परत दिला. म्हणाले, “दुसरा आदमी आएगा, नयी गलती करेगा. तुमची तरी आम्हाला कळली, साईं.” याला कौतुक म्हणायचं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर शोधायला नाव कधीच वापरलं नाही, टोकन नंबर वापरला. लॅबलाही तोच लिहायला लावला. प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी दोन आकडे छापायला लागले, फाइलीत किती आणि कागदावर किती. दोन्ही जुळल्याशिवाय राणेसाहेब कागद हातात घ्यायचे नाहीत. आणि पॅकेज काही विचारत असेल, तर उत्तर द्यायच्या आधी दोन खोट्या नोंदी भरून ते काय करतं ते बघायचं. मेनूतून सगळं करता येतं तिथे हाच धोका असतो. एक अक्षर दाबलं की काम झालंसं वाटतं, आणि काय झालं ते कोणीच सांगत नाही.

रक्त देताना प्रत्येकाने रजिस्टरमध्ये आपल्या टोकन नंबरपुढे स्वतः सही करायची, हाही नियम तेव्हाच आला. एकशे बारा नंबरचा बाळाराम कामावर परत आला तो स्टोअरच्या खिडकीशी. पोट बरं झालं, रंग परत आला, मनगट मात्र पुरतं उचललं गेलं नाही. सहीच्या वेळी तो डाव्या हाताने उजवं मनगट वर धरायचा आणि सावकाश, जीभ दातांत धरून, पूर्ण नाव लिहायचा: बाळाराम कृष्णा भोईर. त्याच्यामागे रांग थांबायची. मी कोणाला घाई करू दिली नाही.